दुधी तळाची नाव

लखलखबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने छोटंसं भाषण केलं. आपण आयुष्यात दोनच बायकांना घाबरलो, एक आपली आई आणि दुसऱ्या ह्या, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. लोक हसले. लखलखबाई हसल्या नाहीत, कारण त्यांचं भाषणाकडे लक्षच नव्हतं. आचाऱ्याच्या मागच्या फळीवर एक पातेलं कडेला डागाळलेलं होतं आणि नव्या माणसांनी ते खुशाल तसंच ठेवलं होतं. फुलांचा गुच्छ हातात पडल्यावर त्यांनी तो ओट्यावर ठेवला, पातेलं उतरवलं, घासलं, पुसलं, परत फळीवर ठेवलं आणि मग त्या घरी गेल्या.

लखलखबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. हॉटेलच्या तळघरात भांडी घासायची खोली होती, एक हौद साबणाचा, एक गरम पाण्याचा, एक साध्या पाण्याचा, आणि त्या खोलीवर बाईंचं राज्य होतं. खोलीला खिडकी म्हणून छताजवळ एक लांबट फट होती. तिच्यातून समुद्रावर जाणाऱ्या पाहुण्यांचे फक्त पाय दिसायचे. जाताना कोरडे, येताना वाळूने माखलेले. जग कुठे चाललंय हे बाईंना त्या पायांवरून कळायचं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

पातेलं स्वच्छ झालं की नाही हे ठरवायची त्यांची रीत सोपी होती. पातेल्याचा तळ तोंडासमोर धरायचा. त्यात आपल्या केसांचा भांग सरळ दिसला की पातेलं पास. नुसता चेहरा दिसला तर परत हौदात. हाताखालच्या मुली कुरकुरायच्या, की बाई, तळ तर चुलीवर असतो, त्यात कोण बघणार आहे? बाई म्हणायच्या, मी बघणार आहे. त्यावर कोणाची काय टाप होती बोलायची?

असं माणूस घरी बसलं की घराचं काय होतं, ते त्यांच्या घरच्यांना विचारावं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नळ, कड्या, कुलपं आणि पंख्याची पाती घासून काढली. मुलगा फेरीबोटीवर इंजिनाचं काम करायचा, त्याच्या पान्यांचा जुडगा असा चमकवला की त्याला तो आपला आहे हे ओळखू येईना. तिथवर ठीक होतं. पण मग त्यांच्या हाती सुनेचा न चिकटणारा काळा तवा लागला. संध्याकाळी सून कामावरून आली तर तवा चांदीसारखा पांढरा. सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं, की किती वर्षांचं काळं बसलं होतं गं, अर्धा दिवस लागला, पण काढलंच. सुनेने तवा उलटासुलटा केला, ओठ घट्ट मिटले, आणि त्या दिवसापासून त्या तव्याला सगळं चिकटू लागलं.

सून गुणाची होती, आणि तिच्यात हिंमतही होती. आधी ती धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं द्यायची. खिडकीतून रोज माणसं बघताना तिच्या लक्षात आलं, की समोरच्या छोट्या बेटावर जायला जो तो अधीर असतो, पण फेरीबोटीत बसून पाण्यात काय आहे ते कोणालाच दिसत नाही. तिने नोकरी सोडली आणि किनाऱ्यावर एक शेड घेऊन नावा भाड्याने द्यायला सुरुवात केली. साध्या नावा नव्हेत. लांबट, दोन माणसांच्या, वल्ह्यांनी चालवायच्या कयाक, आणि त्यांचा सगळा तळ आरपार दिसणारा. बसलं की पायाखाली थेट समुद्र. मासे, प्रवाळ, शेवाळ, सगळं मांडीखालून सरकत जायचं. तळ काचेचा नव्हता, जाड प्लॅस्टिकचा होता, पण किनाऱ्यावर सगळे त्यांना काचेच्या नावाच म्हणायचे.

त्या नावांना सून तळहातावरच्या फोडासारखं जपायची. वाळूवरून ओढायच्या नाहीत, दोघांनी उचलूनच न्यायच्या. चपला-बूट घालून बसायचं नाही. परत आल्या की गोड्या पाण्याने धुवायच्या, आणि मऊ फडक्याने टिपायच्या. पुसायच्या नाहीत, टिपायच्या. हा शेवटचा नियम लखलखबाईंच्या काळजात रुतला होता. टिपणं ह्याला त्या धुणं मानायलाच तयार नव्हत्या. टिपायचं ते बाळाचं तोंड, असं त्यांचं मत होतं.

घरातल्या आणखी वस्तूंचा तवा होऊ नये म्हणून मुलानेच सुचवलं, की आई, तूही हिच्याबरोबर किनाऱ्यावर जात जा. सुनेने शेडच्या सावलीत एक खुर्ची ठेवली, तिच्यावर उशी ठेवली, आणि प्रेमाने म्हणाली, आई, तुम्ही फक्त बसा. आता ज्या बाईचं आयुष्य उभं राहून गेलं, तिला बसा म्हणणं ही शिक्षाच. पण बाई बसल्या. फटीतून दिसणारे पाय आता पूर्ण माणसांसकट दिसू लागले होते, तेवढीच करमणूक. लाइफ जॅकेट वाळत घालू का, विचारलं, तर सून म्हणाली नको. वल्ही पुसू का, तर नको. नावेकडे तर बघायचीही चोरी होती. सुनेचं काही चुकत नव्हतं. तिला तवा आठवत होता. पण बाईंचे हात शिवशिवायचे आणि रात्री त्या मुलाला म्हणायच्या, मी तिथे शोभेची कुंडी आहे.

त्यात ते मोठं बुकिंग आलं. एका कुटुंबाला रविवारी सकाळी बेटावर जायचं होतं, आजोबांपासून धाकट्या जावयापर्यंत सगळ्यांना, आणि शेडमधल्या सगळ्या नावा लागणार होत्या. एवढं मोठं काम सुनेला पहिल्यांदाच मिळालं होतं. आठवडाभर तिची झोप उडाली होती. शनिवारी शेवटच्या गिऱ्हाईकाने अंगाला उन्हाचं मलम थापून एका नावेचा तळ असा तेलकट करून ठेवला, की तिने फडकं लावलं तर तेल नुसतं पसरलं. सून दमली होती. उद्या सकाळी लवकर येऊन बघते, म्हणाली आणि शेडला कडी लावली.

बाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या मनाने उचल खाल्ली. पोर किती करणार एकटी? आपण तिच्या आधी जाऊ, नाव आरशासारखी करून ठेवू, ती येईल तेव्हा नुसती बघत राहील. बाईंच्या मनात ह्याहून दुसरं काहीही नव्हतं. तेव्हा पुढे जे झालं त्याबद्दल ज्याला त्यांना हसायचं असेल त्याने जरा बेतानेच हसावं.

उजाडताना त्या शेडवर पोचल्या. पिशवीत त्यांचा हॉटेलातला काथ्या होता, आणि भांड्यांची ती जुनी भुकटी, जी जळलेल्या कढईलाही शरण आणायची. पदर खोचून त्यांनी नाव आतून घासली, बाहेरून घासली, कडेच्या खाचा घासल्या. कितीतरी दिवसांनी हातांना काम मिळालं होतं. त्या गुणगुणायलाही लागल्या होत्या. मग बादलीभर पाणी ओतलं आणि तळ असा नितळ दिसला, की खालच्या वाळूतले शिंपले मोजून घ्यावेत. बाई दोन पावलं मागे सरल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि नाव वाळायची वाट बघू लागल्या.

नाव वाळू लागली तशी ती कडेकडून पांढरी पडू लागली. आधी बाईंना वाटलं साबण राहिला. त्यांनी पाणी ओतलं, परत नितळ. वाळली, परत पांढरी. पुन्हा पाणी, पुन्हा नितळ, पुन्हा पांढरी. त्यांनी हात ओला करून तळावर ठेवला, तर तेवढाच पंजा आरपार दिसला आणि बघता बघता मिटून गेला. सूर्य वर आला तेव्हा सगळा तळ दुधासारखा झाला होता, आणि त्यात भांग सोडाच, बाईंचं डोकंही दिसत नव्हतं. बारीक बारीक हजारो ओरखडे. बाईंना तवा आठवला आणि सुनेच्या त्या तव्याचं आपण काय केलं होतं ते पहिल्यांदाच कळलं.

सून आली. तिने नाव पाहिली, काथ्या पाहिला, सासूबाईंचे लाल झालेले हात पाहिले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, बाई ओरडणाऱ्यांना ओळखून होत्या. पण तिने वाकून नावेचं एक टोक धरलं. मग दोघींनी मिळून ती नाव उचलली आणि शेडमागे पालथी घातली. डोळे पुसून सून एवढंच म्हणाली, "आई, उद्यापासून तुम्ही घरीच राहा. माझ्याच्याने दोन्हीकडे लक्ष नाही ठेववत."

बाई बरं म्हणाल्या. त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि आता ही खुर्चीसुद्धा त्यांना हवीहवीशी वाटू लागली. घर म्हणजे चार भिंती आणि घासून संपलेले नळ. इथे निदान माणसं होती, वारा होता, सुनेची लगबग बघता येत होती. आजचा दिवस गेला की तेही गेलं.

कुटुंब आलं ते हसत-खिदळत. सुनेने खाली मान घालून सांगितलं, की एक नाव बिघडली आहे, दोघांची सोय दुसऱ्या फेरीत करावी लागेल. त्यांनी फार मनावर घेतलं नाही. ह्या सहलीचा सगळा घाट घातला होता तो थोरल्या नातीने, आणि तिची एकच अट होती की आजोबांची नाव पहिली सुटली पाहिजे. आजोबा निवृत्त बस ड्रायव्हर होते. उंचेपुरे, खर्जातला आवाज, पांढऱ्या मिशा. नातीने त्यांना हात धरून नावेपाशी नेलं. त्यांनी एक पाय आत टाकला. पायाखाली पाणी हललं, त्याच्याखाली वाळू हलली, आणि आजोबांनी तो पाय असा झटकन काढून घेतला की वल्हं पाण्यात पडलं.

नातीने समजावलं, जावयाने समजावलं. तळ भक्कम आहे म्हणून सुनेने नावेत उभं राहून दाखवलं. आजोबा हलेनात. तुम्ही जा, मी इथे मजेत आहे, म्हणाले आणि बाईंशेजारी वाळूत एका पेटीवर येऊन बसले. मग नातही म्हणाली की मीही नाही जात, आणि तिचा चेहरा एवढासा झाला. बाकीचे नावांत बसून खोळंबले होते. सून बिचारी आपली साधी नाव घेऊन वाट दाखवायला पुढे निघायच्या तयारीत, एक पाय पाण्यात, एक वाळूत.

आजोबांनी पायावरची ओली वाळू झटकली. मग कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बाईंना म्हणाले, "उभ्या जन्मात मी पुढे बघून गाडी चालवली. कधी चाकाखाली बघायची वेळ आली नाही. ते पायाखालचं दिसतं ना, त्याने पोटात गोळा येतो. पाण्याचं भय नाही हो, दिसण्याचं आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, नातीचा दिवस आपल्यामुळे फुकट जातोय म्हणून ओशाळून बसलेला. सकाळपासून आपणही असेच बसलो आहोत, हे त्यांना एकदम जाणवलं. त्या उठल्या. खुर्चीवरची उशी खाली पडली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

शेडमागे नेऊन त्यांनी आजोबांना ती पालथी नाव दाखवली. आजोबांनी वाकून एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"ह्यातून काही दिसत नाही ना?"

"काही म्हणजे काही नाही," बाई म्हणाल्या. "मीच घासली आहे."

"मग हीच द्या."

सुनेचा जीव कासावीस झाला. असली नाव गिऱ्हाइकाला द्यायची म्हणजे लाज. पण बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की नाव फुटलेली नाही, गळत नाही, नुसती दिसत नाही, आणि ह्यांना नेमकं तेच हवंय. सुनेने ठोकून, दाबून, पाण्यात लोटून तळ तपासला. नाव ठणठणीत होती. आजोबा डोळे मिटून पुढे बसले, नात मागे. दुधी तळातून ऊन वर आलं आणि आजोबांचा पांढरा पायजमा निळसर दिसू लागला. आजोबांनी हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा.

नाव सुटण्याआधी बाई गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि त्यांनी आजोबांच्या कानात सांगितलं, "बघावंसं वाटलं तर बोट ओलं करून तळाला लावा. तेवढंच दिसेल. पुरे झालं की काही करू नका, वाळलं की आपोआप मिटतं."

सून निघता निघता थबकली. एरवी ती रविवारी नवऱ्याला किनाऱ्यावर ठेवून जायची, पण आज त्याची फेरीबोटीवर पाळी होती. शेडकडे कोण बघणार, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि उत्तर समोर ओल्या साडीत उभं होतं. तिने गळ्यातली शिट्टी काढली आणि सासूबाईंच्या गळ्यात घातली. काही अडलं तर वाजवा, म्हणाली. कशाला हात लावू नका, असं मात्र ह्या वेळी म्हणाली नाही.

नावा लहान लहान होत बेटाकडे गेल्या. बाईंनी सावलीत उभं राहून डोळ्यांत तेल घालून पाहिलं. दुधी नाव सगळ्यांच्या मागे होती. मध्येच ती थांबली. बाईंचा हात शिट्टीकडे गेला. आजोबा पुढे वाकले होते, खूप वाकले होते. मग ते सरळ झाले, त्यांनी मागे वळून नातीला काहीतरी दाखवलं, आणि पुन्हा वाकले. बाईंनी शिट्टी हातातून सोडली.

तेवढ्यात नवी गिऱ्हाइकं येऊ लागली. नावा नाहीत, थांबावं लागेल, असं बाईंनी सांगितलं, आणि मग त्यांची नजर सवयीप्रमाणे पायांवर गेली. बूट. चपला. मलमाने चकाकणाऱ्या पोटऱ्या. ह्या पायांनीच तर सगळा घोटाळा केला होता. बाईंनी एकेकाला चपला काढायला लावल्या, बादलीतल्या पाण्याने पाय धुवायला लावले, आणि मलम निघालं नाही त्याला साबण दिला. एका धिप्पाड गृहस्थाने कुरबुर केली, तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो टाचाही घासू लागला. हॉटेलातला आचारी तिथे असता तर त्याने त्या माणसाची समजूत काढली असती.

सून परत आली तेव्हा बाकावर अनोळखी माणसांची रांग बसली होती, सगळी अनवाणी, सगळ्यांचे पाय धुतलेले, आणि कोणीही जागचं हलत नव्हतं. ती बघतच राहिली.

मागोमाग दुधी नाव लागली. आजोबा कोणाचा हात न धरता उतरले आणि त्यांचं तोंड थांबेना. बोट लावलं तर एवढासा झरोका उघडतो म्हणे, आणि त्यातून एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा सरळ त्यांच्याकडे बघत होता. मग त्यांनी पंजा लावला. येताना तर दोन्ही पंजे लावून पाहिलं. सांगताना त्यांचा खर्जातला आवाज चक्क चढला होता. आजोबा घाबरले नाहीत म्हणून नातीने त्यांना मिठी मारली, आणि मग जाता जाता, ओल्या साडीची पर्वा न करता, बाईंनाही मारली. तोवर आजोबांच्या थोरल्या सुनेने आणखी एका फेरीसाठी तीच नाव मला हवी म्हणून हक्क सांगितला होता. येतानाचं खोल पाणी बघून तिची पाचावर धारण बसली होती, पण ते कबूल करायला तिला आजोबांची वाट बघावी लागली. धाकट्या जावयालाही पंजाचा खेळ खेळायचाच होता. त्या दिवशी दुधी नाव रिकामी म्हणून राहिली नाही.

संध्याकाळी सासू-सुना घरी आल्या. सून हिशेबात, आवराआवरीत आणि दुसऱ्या दिवसाच्या फोनांत इतकी गढून गेली, की सकाळी म्हटलेलं तिने परतही घेतलं नाही आणि पुन्हाही म्हटलं नाही. विचारायची बाईंची छाती झाली नाही. शिट्टी त्यांनी खुंटीला अडकवली आणि निजल्या.

सकाळी बाईंनी चपला घातल्या नाहीत. सून तयारी करत होती ते त्या स्वयंपाकघरातून ऐकत राहिल्या. पिशवीचा आवाज, किल्ल्यांचा आवाज, दाराची कडी. आता ती जाईल आणि आपण इथे राहू, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, तरी कडी वाजली तेव्हा डोळे भरून आलेच. पण दार लागल्याचा आवाज काही आला नाही. पावलं परत आली. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एका हातात खुंटीवरची शिट्टी, दुसऱ्या हातात कोरी करकरीत घासणी.

"आई, तशीच आणखी एक करून हवी आहे," ती म्हणाली. "मी सांगेन तीच. बाकीच्यांना बोट लावायचं नाही."

बाईंनी डोळे पुसले, घासणी हातात घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि परत सुनेच्या हातात दिली.

"ही मऊ आहे," त्या म्हणाल्या, आणि आपला काथ्या शोधायला उठल्या.